जनुकं तपासण्याआधी भावंडांना विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद
मा. सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग, भारत सरकार



तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम कुठल्याही गावात असो, भाषण संपता संपता मागच्या रांगेतून एक वाक्य येतंच : "आमचे आजोबा रोज दोन बंडल बिड्या ओढायचे, नव्वदी गाठली त्यांनी!" मंडळी हसतात. व्यासपीठावरचे डॉक्टर "तो अपवाद झाला" म्हणत पुढे सरकतात आणि तासाभराच्या भाषणावर एका आजोबांनी पाणी फिरवलेलं असतं. त्याच आजोबांचा धाकटा भाऊ पंचावन्नाव्या वर्षी घरापासून पारापर्यंत जाताना तीनदा थांबायचा, ही गोष्ट मात्र सभेत कुणी उठून सांगत नाही.

हे पत्र या दोन भावांबद्दल आहे. घर एक, चूल एक, बिडीही एकाच दुकानातली. मग एकाची फुफ्फुसं टिकली आणि दुसऱ्याची का गेली? या प्रश्नावर गेल्या साठ वर्षांत भरपूर काम झालं आहे आणि उत्तराचा एक ठळक भाग जनुकांमध्ये सापडला आहे. आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत त्या ज्ञानाचा उपयोग होताना दिसत नाही. बाजारात मात्र त्याची विक्री सुरू झाली आहे : थुंकीची कुपी कुरिअरने पाठवा, काही आठवड्यांत तुमच्या जनुकांचा रंगीत अहवाल मोबाइलवर. ज्ञान सरकारी दाराने यायच्या आधी दुकानाच्या दाराने येतं आहे, म्हणून हे जाहीरपणे लिहावं लागतंय.

आधी आजोबांना न्याय देऊ. ते खोटं बोलत नव्हते आणि ते फारसे अपवादही नव्हते. १९६१ पासून आठ वर्षं लंडनमधल्या सुमारे आठशे नोकरदार पुरुषांची फुफ्फुसं चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पिटो यांच्या गटाने पुनःपुन्हा मोजली. मोजणी साधी : छाती भरून श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहायचं. १९७७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. तिशीनंतर ही क्षमता सगळ्यांचीच दरवर्षी थोडी थोडी घटते. धूम्रपान करणाऱ्यांतही अनेकांची घट जवळजवळ इतरांसारखीच होती. काहींची मात्र झपाट्याने खाली आली आणि तेच पुढे धापा टाकत जगले. धूर सगळ्यांना सारखा लागत नाही, हे त्या आलेखाने कायमचं दाखवून दिलं. त्याच आलेखात दुसरी गोष्ट होती, जी आजोबांचे नातू सांगत नाहीत : ज्याने ओढणं सोडलं त्याची गेलेली क्षमता परत आली नाही, पण पुढची घसरण मंदावली. उत्तर अमेरिकेत पुढे जवळपास ५,९०० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या 'लंग हेल्थ स्टडी'त अकरा वर्षांनी हाच हिशेब आकड्यांत मिळाला. सोडलेल्या पुरुषांची घट वर्षाला सरासरी ३० मिलिलिटर, न सोडलेल्यांची ६६.

आता धाकट्या भावाकडे येऊ. त्याच्यासारख्यांचा पहिला पुरावा १९६३ मध्ये स्वीडनमधल्या माल्मो शहरात मिळाला. रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या कागदावर उमटवून पाहण्याचं काम कार्ल-बर्टिल लॉरेल यांच्या प्रयोगशाळेत रोजचंच होतं. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत एक पट्टी दिसतच नव्हती. लॉरेल आणि त्यांचा तरुण सहकारी स्टेन एरिक्सन यांनी त्या पाच माणसांचा माग काढला, तर तिघांना ऐन वयात फुफ्फुसं फुगून निकामी होण्याचा आजार होता. गहाळ असलेलं प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. जंतूंशी लढताना आपल्याच पांढऱ्या पेशी एक विकर सोडतात, ते फुफ्फुसाच्या नाजूक भिंतीही खातं. त्याला आवर घालायचं काम या प्रथिनाचं. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी असतं, त्यांच्या भिंती हळूहळू झिजतात. त्यात सिगारेट आली की दुहेरी मार : धुरामुळे पांढऱ्या पेशी आणखी गोळा होतात आणि जे काही थोडं प्रथिन शिल्लक असतं तेही धूर निकामी करून टाकतो. जनुक आणि धूर एकमेकांत कसे गुंततात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण नंतर क्वचितच सापडलं.

स्वीडनने मग एक धाडस केलं. १९७२ ते १९७४ या काळात दोन लाख नवजात बाळांची या दोषासाठी तपासणी केली. पालक इतके घाबरले की कार्यक्रम थांबवावा लागला. पण ती बाळं मोठी झाली तेव्हा आढळलं की आपला धोका माहीत असलेल्या या मुलांत धूम्रपानाचं प्रमाण त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा कमी होतं. दोष मोठा असेल आणि सल्ला साफ असेल, तर जनुकाची माहिती उपयोगी पडू शकते हे मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मी या चाचण्यांच्या विरोधात बरंच बोलणार आहे. हा दोष उत्तर युरोपात जास्त आणि आपल्याकडे अतिशय विरळ. आपल्या धाकट्या भावाचं कोडं या एका जनुकाने सुटत नाही.

ते कशाने सुटतं, याची दिशा १९९८ मध्ये बॉस्टनच्या एडविन सिल्व्हरमन यांच्या गटाने दाखवली आणि माझ्या मते या सगळ्या शास्त्रातलं आपल्या कामाचं पान हेच आहे. त्यांनी तरुण वयात गंभीर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लावणारा आजार, झालेले रुग्ण घेतले, ज्यांच्यात अल्फा-१चा दोष नव्हता. मग त्यांचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांची फुफ्फुसं मोजली. या नातेवाइकांपैकी जे ओढत नव्हते त्यांची फुफ्फुसं सामान्य माणसांसारखीच निघाली. जे ओढत होते किंवा पूर्वी ओढत असत, त्यांची मात्र तितकीच सिगारेट ओढणाऱ्या परक्या माणसांपेक्षा स्पष्टपणे कमजोर होती. म्हणजे घराण्यातून आलेली कमजोरी धूर लागेपर्यंत झाकलेलीच राहते आणि बिडी पेटली की उघडी पडते. ज्याच्या भावाला पन्नाशीत दम लागतो, त्याच्यासाठी बिडी ही शेजाऱ्याच्या बिडीपेक्षा जास्त विषारी आहे. हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही, विचारणारं माणूस लागतं.

मंत्रिमहोदय, विचारणारं माणूस आपल्याकडे आहे. आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या धोक्याची नोंद, भरतात. त्यात तंबाखू विचारली जाते, दम लागतो का विचारलं जातं, स्वयंपाकाचं इंधनही विचारलं जातं. हा फॉर्म ज्यांनी बनवला त्यांनी विचार करून बनवला आहे, यात शंका नाही. पण घराण्याचा प्रश्न येतो तिथे आईवडील-भावंडांतला रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार एवढंच विचारतात. श्वासाचा आजार त्या ओळीत नाही. माझी पहिली मागणी ही : ती ओळ वाढवा. "घरात कोणाला दमा, धाप किंवा जुना खोकला होता का, आणि तुम्ही बिडी-सिगारेट ओढता का?" दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तर तो माणूस फुफ्फुसाच्या तपासणीसाठी पुढे पाठवायचा, त्याला दम लागत असो वा नसो. खर्च छपाईचा. फॉर्म केंद्राचा असला तरी राज्याने आपल्यापुरती पुरवणी जोडायला कोणी हात धरलेला नाही.

आता जनुकांच्या मोठ्या बाजाराकडे. २००८ नंतर लाखो माणसांचे जनुकीय नकाशे एकमेकांशी ताडून पाहणं शक्य झालं आणि शोधांचा पूर आला. पंधराव्या गुणसूत्रावर निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांचा एक गट आहे. तिथला एक बदल असलेला माणूस दिवसाला सरासरी एखादी सिगारेट जास्त ओढतो आणि त्याला सोडणं जड जातं. अशा माणसाचं फुफ्फुस कमजोर असतंच असं नाही, त्याची तलफ दांडगी असते. चौथ्या गुणसूत्रावरचं एक जनुक गर्भातच श्वासनलिकांची बांधणी ठरवण्यात भाग घेतं. भिंती खाणाऱ्या आणखी एका विकराच्या जनुकातला एक कमी आढळणारा बदल धूम्रपान करणाऱ्यांना थोडंफार संरक्षण देतो, असंही २००९ मध्ये दिसलं.

सप्टेंबर २०१५ मध्ये लेस्टर आणि नॉटिंगहम इथल्या संशोधकांनी 'यूके बायोबँक'च्या पाच लाख लोकांतून पन्नास हजार जण निवडले. भरपूर ओढूनही उत्तम फुफ्फुसं असलेले, अजिबात न ओढताही वाईट फुफ्फुसं असलेले, अशी टोकाची माणसं. काही धूम्रपान करणाऱ्यांची फुफ्फुसं निरोगी का राहतात याचं रहस्य उलगडलं, अशा बातम्या ब्रिटनमध्ये झळकल्या. बातमीत जे मागे पडलं ते जास्त मोलाचं होतं : फुफ्फुस चांगलं-वाईट ठरवणारी बरीच जनुकं ओढणाऱ्यांत आणि न ओढणाऱ्यांत सारखीच निघाली. धुराचा प्रतिकार करणारं जादूचं जनुक असं काही हाती लागलं नाही. अनेकांना मुळात चांगली बांधणी मिळालेली असते, एवढंच. आजोबांकडे मुद्दल मोठं होतं म्हणून आयुष्यभर उधळूनही ते दिवाळखोर झाले नाहीत. उधळपट्टी त्यांचीही झालीच. २०१५ मध्येच पीटर लांगे आणि सहकाऱ्यांनी तीन दीर्घ अभ्यास एकत्र करून दाखवलं की सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची फुफ्फुसं चाळिशीच्या आतच छोटी होती आणि नंतरची घट साधारणच होती. त्यांचं मुद्दलच कमी होतं.

आणि आजोबा तरी खरंच सहीसलामत होते का? अमेरिकेत दहा हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांचा 'सीओपीडीजीन' अभ्यास चालतो. त्यात फुंकण्याची तपासणी ठीक आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत धाप, चालण्याची मर्यादा किंवा सीटी स्कॅनवर दिसणारी इजा यांपैकी काहीतरी होतं. शिवाय फुफ्फुस वाचलं म्हणून हृदय वाचलं, घसा वाचला असं कोणी लिहून दिलेलं नाही.

जनुकांचा हा विषय तंबाखूच्या बाजूने वापरला जाण्याचा इतिहास जुना आहे. १९५० च्या दशकात सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचं नातं उघड झालं, तेव्हा त्याला विरोध करायला उभे राहिले ते थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर. आपल्याकडे संख्याशास्त्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आजही त्यांची सूत्रं गिरवतो. त्यांचं म्हणणं : कदाचित एकच जनुकीय घडण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही, मग दोष सिगारेटचा कसा? शंका म्हणून ती बुद्धिमान होती. फिशर स्वतः पाइप ओढत आणि ब्रिटिश तंबाखू उत्पादकांच्या समितीचे मानधनावरचे सल्लागार होते, हे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे. पुढे फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांच्या दीर्घ अभ्यासात या शंकेची परीक्षा झाली : जनुकं तीच, एक ओढणारा, एक न ओढणारा. ओढणाऱ्या जुळ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. शंका मिटली, पण 'ज्याची त्याची प्रकृती' हा युक्तिवाद मिटला नाही. पानपट्टीवर तो रोज ऐकू येतो.

म्हणून थुंकीच्या कुपीची मला काळजी वाटते. समजा एखाद्या तरुणाच्या हाती अहवाल आला : 'तुमचा जनुकीय धोका सरासरीपेक्षा कमी.' तो दुसऱ्या दिवशी काय करेल? आणि 'जास्त' आला तरी तो सोडेल का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं आहे. २०१६ मध्ये अशा अठरा अभ्यासांचा एकत्र आढावा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. डीएनएवरून सांगितलेल्या धोक्याने लोकांच्या धूम्रपानात, खाण्यात, व्यायामात मोजण्याजोगा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवा. २००८ मध्ये हर्टफर्डशर इथल्या पाच दवाखान्यांत ५६१ धूम्रपान करणाऱ्यांची फुंकून तपासणी झाली. निम्म्यांना नेहमीसारखे आकडे कळवले. उरलेल्यांना त्यांच्या 'फुफ्फुसाचं वय' सांगितलं : तुम्ही बावन्न वर्षांचे, फुफ्फुस पंच्याहत्तरचं, अशा भाषेत. वर्षभराने पहिल्या गटातल्या ६.४ टक्क्यांनी सोडलं होतं, दुसऱ्या गटातल्या १३.६ टक्क्यांनी. ज्यांचं फुफ्फुसाचं वय बरं आलं त्यांनीही बेफिकीर होऊन जास्त ओढलं नाही. भविष्याच्या शक्यतेपेक्षा आज झालेली झीज माणसाला हलवते.

तेव्हा दुसरी मागणी स्पायरोमीटरची, म्हणजे फुंकून फुफ्फुस मोजण्याच्या यंत्राची. जिल्हा रुग्णालयात यंत्र असणं पुरेसं नाही. धाप लागलेला माणूस एसटीने साठ किलोमीटर जाऊन रांगेत उभा राहत नाही, तो गावातच पंपाचं औषध उसनं मागतो किंवा इंजेक्शन घेऊन घरी येतो. ग्रामीण रुग्णालयापर्यंत यंत्र न्या. खरं तर यंत्र ही सोपी बाजू आहे. ही तपासणी रक्ताच्या चाचणीसारखी नाही, रुग्णाकडून नीट फुंकून घ्यावं लागतं. "जोरात, जोरात, अजून, थांबू नका" असं म्हणत त्याला शेवटपर्यंत नेणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर आकडे कचऱ्याच्या मोलाचे. फिल्टर, तोंडात धरायची नळी आणि यंत्राचं नियमित कॅलिब्रेशन यांची तरतूद पहिल्या वर्षानंतरही चालू राहिली पाहिजे, नाहीतर ती यंत्रं कपाटात जातात हे आपण सगळेच जाणतो. आणि अहवालावर फुफ्फुसाचं वय मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा.

इथे तज्ज्ञांचा एक वाद मध्ये येतो आणि त्यात वैद्यकीय संशोधन परिषदेने लक्ष घालायला हवं. फुंकून आलेला आकडा कोणाच्या सरासरीशी ताडायचा? सतरा देशांत झालेल्या 'प्युअर' अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवलं की कधीही न ओढलेल्या निरोगी माणसांतही दक्षिण आशियात ही क्षमता युरोप-उत्तर अमेरिकेपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आहे. वय, उंची जमेस धरूनही. जगभर वापरली गेलेली २०१२ ची प्रमाणसूत्रं बनली, तेव्हा त्यांत गोरे, आफ्रिकी-अमेरिकी, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई असे गट होते आणि उरलेल्यांसाठी 'इतर'. भारतीय उपखंडाला स्वतंत्र जागा नव्हती. आपल्याकडे वर्षानुवर्षे गोऱ्यांच्या आकड्याला ०.९ ने गुणायचं आणि पुढे जायचं, अशी वहिवाट. २०२२ मध्ये वंश वगळलेली नवी सूत्रं आली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ती वापरण्याची शिफारस केली. वरवर हा गणिताचा तपशील वाटेल. पण ३१ टक्क्यांची ही तूट आपल्या जनुकांत आहे असं मानलं तर ती 'आपल्यासाठी नॉर्मल' ठरते आणि कोणाचीच जबाबदारी राहत नाही. ती आईच्या कुपोषणातून, बाळाच्या कमी वजनातून, चुलीच्या धुरातून आली असेल तर ते आजारपण आहे आणि ते टाळता येण्याजोगं आहे. 'जनुकीय' हा शिक्का किती सहज आळशीपणाचं निमित्त होतो, ते इथे दिसतं.

मग यातलं किती जनुकांचं आणि किती चुलीचं, हे ठरवायचं कसं? त्यासाठी आपल्याच माणसांचा अभ्यास लागतो. लेस्टरच्या मार्टिन टोबिन यांच्या गटाने २०२३ मध्ये फुफ्फुसाच्या क्षमतेशी निगडित १,०२० जनुकीय खुणा प्रसिद्ध केल्या. अभ्यासात ५,८०,८६९ माणसं होती. त्यांतली दक्षिण आशियाई वंशाची ४,२७०. शंभरात एकसुद्धा नाही! या खुणांवरून केलेला जनुकीय गुणांक युरोपीय माणसांत बऱ्यापैकी बोलका आहे. त्याच गटाच्या २०१९ च्या कामात सर्वाधिक गुणांकाच्या दहा टक्क्यांत सीओपीडीची शक्यता सर्वांत कमी गुणांकाच्या दहा टक्क्यांच्या ४.७ पट होती. धूम्रपानाची हानीही जास्त गुणांकवाल्यांत अधिक होते, असं नंतर यूके बायोबँकच्याच माहितीवरून दिसलं. पण युरोपीय माणसांवर बेतलेला गुणांक आपल्याकडे आणला की त्याची अचूकता बरीच घसरते, हेही जनुकशास्त्रज्ञांनीच दाखवलेलं आहे. तोच गुणांक नाशिकच्या किंवा नागपूरच्या माणसाला 'तुमचा धोका' म्हणून विकणं, याला मी तरी विज्ञान म्हणणार नाही.

शिवाय त्या अभ्यासांतला धूर सिगारेटचा आहे. आपला धूर वेगळा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशात ७.७ टक्के प्रौढ बिडी ओढत होते, सिगारेट ४ टक्के. बिडीत तंबाखू थोडी, पण तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही, ती सारखी विझते, म्हणून ओढणारा खोल आणि घाईघाईने झुरके मारतो. महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्केच निघाले. तंबाखू खाणारे आणि मिश्री लावणारे त्याच्या कितीतरी पट. हा आकडा वाचून कोणी म्हणेल, मग एवढं पत्र कशाला? राज्याच्या लोकसंख्येत ते ३.८ टक्के म्हणजे तीस लाखांच्या आसपास माणसं होतात. आणि त्यांच्या घरातल्या बाईने बिडी कधी हातात धरलेली नसते, तरी तिचं फुफ्फुस चुलीसमोर जळत असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं ५८.६ टक्केच होती. न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष ज्यांनी वेधलं त्यांत पुण्याचे डॉ. संदीप साळवी आहेत. २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी पीटर बार्न्स यांच्यासह ते मांडलं. तीच कमजोर जनुकं चुलीच्या धुरात कशी वागतात, बिडी आणि चूल एकत्र आली की काय होतं, या प्रश्नाचं उत्तर लेस्टरहून येणार नाही. ते जुन्नरला, सिन्नरला, गडचिरोलीला मिळेल.

सचिव महोदय, आपल्या विभागाच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजारांहून अधिक भारतीयांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांसाठी खुले केले. ही मोठी गोष्ट आहे, तिचं कौतुक हातचं राखून करण्याचं कारण नाही. पण ब्रिटिशांच्या पाच लाखांच्या अभ्यासाचं बळ केवळ जनुकांत नव्हतं. त्यांनी माणसांना दाखल करून घेतानाच फुंकायला लावलं, किती आणि किती वर्षं ओढता ते लिहून घेतलं, मग वर्षानुवर्षे त्यांच्या आजारांची नोंद ठेवली. फुफ्फुसाचं माप, बिडीचा हिशेब, चुलीची वर्षं आणि जन्माचं वजन यांच्याशी जोडल्याशिवाय आपला जीनोम श्वासाच्या आजाराबद्दल फारसं बोलणार नाही. असं काम करण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकचा प्रकल्प गावंच्या गावं दीर्घकाळ नोंदीखाली ठेवतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला आहे. ती मुलं आता तिशीत आहेत, म्हणजे फुफ्फुसाची क्षमता घटू लागण्याच्या वयात. त्यांच्या जन्माच्या वजनाच्या नोंदी हाताशी आहेत. परिषदेने आणि विभागाने मिळून अशा ठिकाणी फुफ्फुसाची मोजणी आणि जनुकं एकत्र जोडणारा दीर्घ अभ्यास उभा करावा, ही तिसरी मागणी.

असा अभ्यास करायचा तर लोकांनी रक्त विश्वासाने द्यायला हवं आणि विश्वासाला कायद्याचा आधार लागतो. अमेरिकेत २००८ पासून नोकरी आणि आरोग्यविमा यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्यविम्यातला असा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, पण स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर जनुकीय माहितीला वेगळा, कडक दर्जाही दिलेला नाही. उद्या एखाद्या कारखान्याने धुळीच्या खात्यात कामगार घेताना जनुकांचा अहवाल मागितला तर? 'कमजोर' फुफ्फुसाचे वगळून 'दणकट' घेतले की हवा स्वच्छ करायचा खर्च वाचतो. ही कल्पना फार दूरची नाही. म्हणून चौथी मागणी : थुंकीवरून धूम्रपानाचा धोका सांगणाऱ्या अहवालांवर, विशेषतः 'कमी धोका' असं लिहिणाऱ्यांवर, नियंत्रण आणा. भारतीय माणसांवर पडताळा झालेला नसेल तर तसं पहिल्याच पानावर छापायला लावा.

शेवटचा मुद्दा तुमच्या खात्यांचा थेट नाही, तरी तुमच्याशिवाय तो कोणी मांडणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणण्याचा निर्णय घेतला. बिडी वळणाऱ्या बायांचा रोजगार हे त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. सिन्नर, सोलापूर, गोंदियात त्यांची घरं त्यावर चालतात. पण त्या बायांना मजुरी वाढवून द्यायची तर बिडी स्वस्त करणं हा कुठला मार्ग? किंमत उतरली की सगळ्यात आधी ती पोचते गरीब घरातल्या त्याच धाकट्या भावापर्यंत, ज्याच्या जनुकांबद्दल आपण हे सगळं बोलतो आहोत आणि ज्याच्यापर्यंत जनुकांची चाचणी कधीच पोचणार नाही.

आरोग्यमंत्री जीएसटी परिषदेच्या टेबलावर बसत नसले तरी राज्याचे प्रतिनिधी मंत्री बसतात, आणि मंत्रिमंडळात ते आपल्या शेजारी असतात. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपण त्यांना बिडीच्या करावर लेखी भूमिका कळवावी आणि त्याच अधिवेशनात ग्रामीण रुग्णालयांच्या स्पायरोमीटरसाठी, तंत्रज्ञाच्या पगारासकट, स्वतंत्र तरतूद मागावी. सीबॅक फॉर्मच्या पुरवणीला तर अधिवेशनाचीही वाट पाहावी लागत नाही, त्यासाठी खात्याचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

कळावे,
आपला,
महाराष्ट्रातला एक नागरिक